शिकारग्रंथांतील गोळीविचार

जुन्या संग्रहांतून इंग्रजी शिकारग्रंथ वरचेवर हातीं येतात. त्यांची बांधणी, चित्रें व आवृत्ति यांविषयीं चौकशी पुष्कळ होते. परंतु त्यांतील मजकूर पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. जॉन टेलर याचा ‘आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस’ हा इ. स. १९४८ त प्रसिद्ध झालेला ग्रंथ या विषयांत आजही प्रमाणभूत मानतात. हत्ती, गेंडा, रानरेडा अशा मोठ्या श्वापदांवर कोणती रायफल चालवावी याचा इतका विस्तृत विचार दुसऱ्या कोणत्याही ग्रंथांत आमच्या पाहण्यांत नाहीं. त्याच्या आधारें पुढील लोकांनीं जें अनुमान केलें तें मात्र सदोष आहे, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. प्रस्तुत लेखकानें जन्मांत बंदूक उडविलेली नाहीं. येथें विचार आहे तो ग्रंथांचा व त्यांतील साक्षीचा.

मुख्य दोष एका वाक्यांत सांगतां येतो. शिकारी बंदुकीचें नांव लिहितो, तिच्या कर्त्याची स्तुति करितो, नळीचा व्यास सांगतो. पण जनावराच्या अंगांत जी शिरली त्या गोळीची घडण सांगत नाहीं. साक्षीदारानें आरोपीच्या घराचें वर्णन करावें आणि आरोपीचें नांव गाळावें, तसा हा प्रकार आहे. आणि येथें चुकीचें फळ लहान नाहीं. गोळी हाडापर्यंत न पोंचतां वरच्यावर फुटली म्हणजे जखमी जनावर झाडींत शिरतें. तें तेथें कित्येक दिवस तळमळत मरतें, किंवा मागावर आलेल्या माणसाला मारतें. आणि हा माणूस बहुधा साहेब नसून पुढें चालणारा माग काढणारा असतो, ज्याचें नांव ग्रंथांत नसतें.

प्रथम परिमाणाची परिभाषा. जुन्या बंदुकांचा ‘बोअर’ म्हणजे एका पौंड शिशाच्या त्या नळीस बसणाऱ्या किती वाटोळ्या गोळ्या होतात ती संख्या. म्हणून आंकडा लहान तितकी नळी मोठी. चार बोअरची गोळी पाव पौंडाची, म्हणजे १,७५० ग्रेनांची. बारा बोअरची सुमारें ५८३ ग्रेनांची. निमाड जिल्ह्याची जमाबंदी करणारा कॅप्टन जेम्स फोर्साइथ यानें इ. स. १८६३ त ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ या पुस्तकांत याच वाटोळ्या गोळीचा पक्ष घेतला. त्याचें म्हणणें असें कीं, नळींतील पेच मंद ठेवला तर दारू भरपूर घालतां येते, गोळी पेचावरून घसरत नाहीं, आणि वेगामुळें तिचा मार्ग सरळ राहतो. त्या काळच्या लांबट गोळ्या संथ असल्यानें अंतराचा अंदाज चुकला कीं निशाण चुकत असे. सातपुड्याच्या रानांत, जेथें वाघ साठ-सत्तर पावलांवर उठतो, तेथें हें म्हणणें यथार्थ होतें. फोर्साइथ इ. स. १८७१ त वारला. त्याच वर्षीं त्याचा मध्य हिंदुस्थानावरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला, आणि संग्राहक तोच जपतात. आमच्या मतें पहिलें पुस्तक अधिक मोलाचें आहे, कारण त्यांत गोळीविषयीं कारणांसह लिहिलें आहे.

सॅम्युएल बेकर याच्यापाशीं अर्धा पौंड वजनाचा स्फोटक गोळा फेंकणारी ‘बेबी’ नांवाची बंदूक होती. तिच्या धक्क्यानें तो स्वतःच गरकन् फिरे, आणि ती उडविण्यास तो नाखुषच असे. ही गोष्ट सर्वांना आठवते. त्याच बेकरनें इ. स. १८९० च्या ‘वाइल्ड बीस्ट्स अँड देअर वेज’ मध्यें पोकळ टोंकाच्या हलक्या गोळ्यांवर जो कडक आक्षेप घेतला, तो कोणी उद्धृत करीत नाहीं. अशी गोळी हरणास ठीक, पण वाघाच्या स्नायूंत तिचे तुकडे होतात. म्हणून वाघास शुद्ध शिशाची भरींव गोळी द्यावी. ती पसरते, पण एकसंध राहून पलीकडच्या कातड्याखालीं थांबते. हत्तीसाठीं मात्र शिसें कठीण करून घ्यावें. श्वापदपरत्वें गोळीची घडण बदलली पाहिजे हें तत्त्व येथें स्पष्ट सांगितलेलें आहे.

पुढें धूरविरहित दारू आली, वेग वाढला, आणि उघडें शिसें तो वेग सोसेना म्हणून त्यावर धातूचें वेष्टण चढलें. पूर्ण वेष्टणाची गोळी आरपार जाते, पण पसरत नाहीं; म्हणून कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यांत टोंकाशीं शिसें उघडें ठेवलेली गोळी निघाली. इ. स. १८९९ च्या हेगच्या घोषणेनें अशा गोळ्या युद्धांत निषिद्ध ठरल्या. शिकारींत त्या राहिल्या.

येथें दप्तरें वाचणारांस एक सूचना करणें अवश्य वाटतें. रिग्बीनें इ. स. १८९८ त .४५० व्यासाची मोठी रायफल काढली व ती हिंदुस्थानांत मान्य झाली. परंतु इ. स. १९०७ च्या सुमारास सरकारनें हा व्यास येथें बंद केला, कारण मार्टिनी-हेन्री बंदुकांस चालणारा दारूगोळा बंडखोरांच्या हातीं जाईल अशी भीति होती. त्यामुळेंच .४७०, .४६५, .४७६ असे शेजारचे व्यास जन्मास आले. तेव्हां त्यानंतरच्या एखाद्या शिकारवहींत .४७० आढळली, तर लेखकानें अनुभवानें ती निवडली असा तर्क करूं नये. निवड कायद्यानें केली होती.

आतां बेलचें प्रकरण. डब्ल्यू. डी. एम. बेल यानें हजाराहून अधिक हत्ती मारले, व त्यांतील बहुतेक .२७५ च्या लहानशा रायफलीनें, असें सांगून ‘व्यासाचें महत्त्व नाहीं’ असा सिद्धान्त काढतात. त्याचा इ. स. १९२३ चा ग्रंथ नीट पाहिला तर असें दिसतें कीं, त्यानें हत्तीचें डोकें करवतीनें उभें कापवून मेंदूचें स्थान शोधलें होतें, आणि तो पूर्ण वेष्टणाची, १७३ ग्रेनांची, लांब व बोथट गोळी वापरी. गणित करून पाहूं. गोळीचें वजन पौंडांत घेऊन तिच्या प्रत्यक्ष व्यासाच्या इंचांतील वर्गानें भागिलें, म्हणजे तोंडाच्या क्षेत्रामागें किती भार आहे तें कळतें. बेलच्या गोळीचा हा आंकडा .३०६ येतो. पांचशें ग्रेनांच्या .४७० चा .३१७, नऊशें ग्रेनांच्या .६०० चा .३३४. म्हणजे दिसण्यांत अजस्र व चिमुकली अशा या गोळ्या या एका गुणांत जवळजवळ सारख्या आहेत. उलट बारा बोअरच्या वाटोळ्या गोळीचा आंकडा .१५७ व चार बोअरचाही .२२६ च. पण हीच .४७० मऊ टोंकाची असून लागतांच दुप्पट रुंद झाली, तर क्षेत्र चौपट होऊन आंकडा .०७९ वर उतरतो, म्हणजे बारा बोअरच्या साध्या गोळीच्या निम्म्यावर! रायफल तीच, दारू तीच, व्यासही तोच. भेद केवळ टोंकावरील वेष्टणाचा.

बेलच्या साक्षीस दुसरीही मर्यादा आहे. त्याचा हात असामान्य होता, आणि तो शांत उभ्या हत्तीवर वेळ घेऊन नेम धरी. ज्यांनीं त्याचें अनुकरण केलें व जे हत्तीच्या पायाखालीं गेले, त्यांनीं ग्रंथ लिहिले नाहींत. एकाच बाजूचे साक्षीदार हयात असतां निकाल देऊं नये.

टेलरचें सूत्र याच वादाच्या उत्तरार्थ आहे. गोळीचें वजन ग्रेनांत, वेग दर सेकंदास फुटांत व व्यास इंचांत घेऊन तिघांचा गुणाकार करावा व सात हजारांनीं भागावें. तीनशें ग्रेनांच्या .३७५ चें फळ सुमारें ४० येतें, .६०० चें १५०. टेलरला यानें एवढेंच सांगावयाचें होतें कीं, जवळच्या पल्ल्यावर हत्तीच्या मेंदूस गोळी थोडक्यांत चुकली तर तो किती बधिर होऊन पडेल. प्रकरण वाचलें तर हा संदर्भ उघड आहे. परंतु टीकेवांचून श्लोक पाठ करावा तसें सूत्र तेवढें उचलून लोक आतां कोणत्याही गोळीस व कोणत्याही जनावरास लावतात. सूत्रांत घडणीस जागाच नाहीं; फुटणाऱ्या व न फुटणाऱ्या गोळीचें फळ एकच येतें. टेलरचा दोष इतकाच कीं, त्यानें सूत्राशेजारींच ही मर्यादा ठळक अक्षरांत छापली नाहीं.

गंमत अशी कीं, ज्या वर्षीं हा ग्रंथ निघाला त्याच १९४८ सालीं जॉन नोस्लर या अमेरिकन गृहस्थाची दुभागी गोळी बाजारांत आली. दोन वर्षांपूर्वीं चिखलानें माखलेल्या एका मूसवर त्याच्या गोळ्या वरवरच फुटल्या होत्या. त्यावरून त्यानें मधोमध धातूचा पडदा ठेवून पुढचा भाग पसरणारा व मागचा अभंग राहणारा केला. पुढें सबंध तांब्याच्या गोळ्या आल्या. त्यांस दुसरेंही कारण मिळालें: सोडून दिलेल्या मांसांतील शिशाचे कण खाऊन कॅलिफोर्नियांतील काँडर गिधाडें मरूं लागलीं, आणि तेथें इ. स. २०१९ पासून शिकारींत शिशाची गोळी बंद झाली.

‘शार्ङ्गधरपद्धती’च्या धनुर्वेद प्रकरणांत बाणाग्रांचे प्रकार व त्यांचे विनियोग दिले आहेत: चिलखतास सूचीमुख, हृदयास भल्ल, आणि सर्वांगीं लोखंडाच्या बाणास नाराच हें निराळें नांव. आमच्याकडे सर्व कांहीं पूर्वींच होतें असा दावा करण्याचा येथें मुळींच हेतु नाहीं. तसले दावे पुरे झाले. परंतु त्या संग्रहकारानें धनुष्याची लांबी सांगून न थांबतां अग्राचा आकार व भेद्य वस्तु यांची जोडी लावली, हा विवेक शिकारग्रंथकारांत बेकरखेरीज फारच थोड्यांनीं दाखविला.

हिंदुस्थानांत इ. स. १९७२ च्या कायद्यानें शिकारीचा प्रश्नच मिटला, आणि आपल्याकडे उरले तें केवळ कागद व जुनीं हत्यारें. ज्यांच्या संग्रहांत शिकारवह्या असतील त्यांनीं काडतुसांच्या पेट्यांवरील चिठ्ठ्या, दुकानांच्या पावत्या व मागणीपत्रें फेंकूं नयेत. गोळीची जात तेथेंच लिहिलेली असते. आणि जुनी दुनळी रायफल पाहण्यास मिळाली, तर वरचें नकसकाम क्षणभर बाजूस ठेवून जाणत्याकडून नळ्या उतरवून घ्याव्या. खालच्या सपाट भागावर परीक्षेच्या ठशांजवळ कॉर्डाइट दारूचें कमाल वजन व गोळीचें वजन ग्रेनांत कोरलेलें बहुधा सांपडतें. त्याचा ठसा कागदावर घेऊन वहीच्या नोंदीशीं ताडून पाहावा.