वसईच्या रणदेखाव्यांतील वेश आणि शस्त्रें : एक परीक्षण

वसईच्या किल्ल्यांत दरसाल मे महिन्यांत मराठ्यांच्या विजयाचा उत्सव होतो. त्या निमित्तानें, आणि एरवींहि चित्ररथांतून, शाळांच्या संमेलनांतून व हौशी मंडळ्यांच्या प्रयोगांतून, जुन्या रणप्रसंगांचे देखावे करून दाखविण्याची प्रथा आपल्या प्रांतांत बरीच रूढ झाली आहे. देखावे करणारे तरुण पदरमोड करून तलवारी, ढाली व चिलखतें जमवितात, भर उन्हांत तासन् तास उभे राहतात, आणि त्यांतील कांहीं जण तर अमुक वस्तु अस्सल आहे कीं नाहीं हें विचारण्यासाठीं संग्रहालयांचे व जुन्या घराण्यांचे उंबरे झिजवितात. ही जिज्ञासा संशोधकांनीं हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. इ. स. १७३९ सालीं वसईखालीं लढलेला शिपाई प्रत्यक्ष दिसत कसा होता, या प्रश्नास आम्हीं मोहिमांच्या तारखा व तहांचीं कलमें यांच्या मागें लागून फारसा हात घातला नाहीं. तो या मंडळींनीं आमच्या दारांत आणून ठेविला आहे. तेव्हां या देखाव्यांचें परीक्षण एखाद्या छापील ग्रंथाच्या परीक्षणाइतक्याच कसोशीनें करणें आम्हांस अवश्य वाटतें. ग्रंथांतील चूक पुढील आवृत्तींत सुधारतां येते. मुलानें डोळ्यांनीं पाहिलेली चूक त्याच्या मनांत जन्मभर राहते.

आमचा पहिला आक्षेप फिरंग्यांच्या सोंगावर आहे. बहुधा या सोंगास पुढें-मागें निमुळता होत गेलेला लोखंडी टोप, छातीवर पोलादी पत्रा व मांड्यांवर फुगीर आंखूड चोळणा असा सरंजाम दिलेला असतो. हा वेश यूरोपांतील १६ व्या शतकाचा होय. गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें डिसेंबर १५३४ मध्यें तहानें वसई पोर्तुगीजांस दिली, तो प्रसंग दाखवावयाचा असेल तर असा टोप खुशाल घालावा. परंतु त्यानंतर चिमाजी अप्पांच्या विजयापर्यंत दोनशें पांच वर्षें लोटलीं होतीं. दुसऱ्या बाजीरावाच्या राज्यत्यागापासून आपण जितके दूर आहों, जवळजवळ तितकेंच हें अंतर आहे. आजच्या पोलिसास दुसऱ्या बाजीरावाच्या हुजरातीचा पोषाख कोणी चढवील काय? १८ व्या शतकाच्या पूर्वार्धांत यूरोपीय पायदळानें छातीचें कवच जवळजवळ टाकून दिलें होतें. गुडघ्यापर्यंत पोंचणारा कोट, तीन कोनांची टोपी, चकमकीची बंदूक व तिच्या तोंडाशीं संगीन, अशी त्या काळची सामान्य रीत होती.

१६ व्या शतकाच्या वेशासाठीं साधनें मात्र उत्तम आहेत. रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयांत इ. स. १५४० च्या सुमाराचा एक चित्रसंग्रह आहे. त्यांत पूर्वेकडील नाना लोकांचे वेश रंगवून दाखविले आहेत आणि चित्रांची घडण हिंदी हाताची आहे. त्यानंतर लिन्शोटेन हा डच गृहस्थ इ. स. १५८३ ते १५८८ पर्यंत गोव्यास होता. त्याचा ग्रंथ १५९६ मध्यें छापला गेला, व त्यांतील कोरीव चित्रांत छत्रीखालून चालणारे व पालखींतून मिरविणारे गोवेकर फिरंगी पाहावयास सांपडतात. हीं चित्रें पाहिलीं म्हणजे या किनाऱ्यावरचा फिरंगी घरीं-दारीं लोखंडांत वावरत होता ही कल्पना तेव्हांच उडून जाते. वसईपुरतेंच बोलावयाचें तर इ. स. १६९५ मध्यें इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी हा येथें येऊन गेला, आणि त्याचा वृत्तांत १७३९ च्या मानानें पुष्कळच जवळचा आहे. चर्चांतील थडग्यांच्या शिळांवर व दरवाजांवर कोरलेलीं घराण्यांचीं मानचिन्हें मात्र पुराव्यास घेऊं नयेत. मानचिन्हाच्या माथ्यावर टोप कोरलेला असला तर तो कुलाच्या दर्जाची खूण असतो. खालीं निजलेला गृहस्थ तसा टोप घालून लढला असें त्यावरून ठरत नाहीं.

याच सोंगाचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. किल्ल्यांत लढणारे सारेच गोरे होते असें समजून एका बाजूच्या सर्व पोरांच्या तोंडास पांढरा रंग फांसण्यांत येतो. पोर्तुगीजांच्या फौजेंत गोऱ्यांखेरीज या देशांतील ख्रिस्ती शिपाई होते, तसेच आफ्रिकेंतून आणलेले लोकहि होते. ज्या वसईंत ख्रिस्ती कुटुंबें आजहि घरांत सामवेदी व वाडवळी बोली बोलतात, त्या वसईंत ख्रिस्ती तितका फिरंगी ही समजूत रंगाच्या डबीनें दृढ करणें हा केवळ वेशभूषेचा दोष नव्हे. तो शेजाऱ्यावर केलेला अन्यायहि आहे. तीच गोष्ट अखेरच्या प्रवेशाची. देखाव्यांत फिरंगी गुडघे टेकून तलवारी टाकतात. वस्तुतः १६ मे १७३९ रोजीं कायतान द सोझा परेरा यानें शरणागतीच्या अटी ठरविल्या, त्यांत शिबंदीनें शस्त्रांनिशीं, नगारे वाजवीत व निशाणें फडकवीत बाहेर पडावें असें कलम होतें, आणि २३ मे रोजीं त्याप्रमाणें किल्ला खालीं झाला. हें कलम मराठ्यांनीं पाळलें. दाखविण्यासारखा प्रसंग तो आहे, आणि तोच कोणी दाखवीत नाहीं.

आतां मराठ्यांकडे वळूं. येथें प्रत्येक शिपायाच्या अंगांत चकचकीत चिलखत, डोक्यास जिरेटोप, हाताला दस्ताना, क्वचित् छातीवर चारआईना. पाहणाऱ्यास वाटावें कीं वसई द्वंद्वयुद्धांनीं घेतली! पेशवे दप्तरांतून सरदेसायांनीं निवडून छापलेल्या कागदांचा १६ वा खंड, किंवा यशवंत नरसिंह केळकर यांचें 'वसईची मोहीम' हें पुस्तक, यांपैकीं एक जरी चाळलें तरी या संग्रामाची जात ध्यानांत येते. मोर्चे, सुरुंग, शिड्या, दारूगोळा यांचा तो संग्राम होता. किल्ल्यास पाण्याचा व खाजणाचा वेढा. जमिनीची वाट ती उत्तरेकडील रेताडाची. तिकडून मोर्चे खणीत तटापर्यंत जावयाचें, बुरुजाखालीं सुरुंग भरावयाचे, आणि ते उडतांच पडलेल्या खिंडारावर चालून जावयाचें. वरून बंदुकीचा व हातगोळ्यांचा मारा. ज्या माणसास मे महिन्यांत रेतींत खणावयाचें आहे तो आठ-दहा किलो वजनाचें लोखंड अंगावर कां घालील? आणि जवळून सुटलेल्या गोळीपुढें कड्यांच्या चिलखताचा उपयोग तो किती?

यावरून मराठ्यांकडे चिलखतें नव्हतीं असा अर्थ कोणी घेऊं नये. इ. स. १६५९ च्या प्रतापगडच्या प्रसंगीं छत्रपतींनीं वस्त्रांखालीं चिलखत घातलें होतें हें सर्वश्रुत आहे. परंतु त्या प्रसंगाचें मर्मच असें कीं, हातघाईचा धोका आधीं ठाऊक होता व कवच वस्त्राखालीं झांकलेलें होतें. वसईखालीं मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे असे सरदार होते. त्यांच्या व त्यांच्या निवडक स्वारांच्या अंगावर चिलखत दाखविलें तर आमची तक्रार नाहीं. आमची तक्रार प्रमाणाबद्दल आहे. शंभर जणांच्या देखाव्यांत पांच-सात चिलखतें पुरेत. उरलेल्यांस अंगरखा वा बंडी, चोळणा, कमरेस शेला व डोक्यास मुंडासें द्यावें. आणि निदान वीस जणांच्या हातीं कुदळ व पाटी द्यावी. बेलदाराशिवाय वसई पडली नाहीं.

तलवारींविषयीं एक गंमत सांगण्यासारखी आहे. सरळ पात्याची तलवार विलायती दिसते म्हणून मराठ्यांच्या बाजूनें ती वर्ज्य करतात व सर्वांस वांकड्या तलवारी देतात. पण फिरंग हा आपल्याच भाषेंतला शब्द साक्ष देतो कीं, यूरोपांतून आलेलीं सरळ पातीं देशी मुठींत बसवून मराठे आवडीनें वापरीत. धोप हें नांवहि सरळ लांब तलवारीचेंच.

मग देखावेकऱ्यांनीं नमुने कोठून घ्यावे? त्यांचें नेहमींचें उत्तर संग्रहालय हें असतें, आणि येथेंच संग्राहक वाचकांचा संबंध येतो. संग्रहालयांत टिकून राहतें तें राजेरजवाड्यांचें. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत अकबराच्या नांवाचीं ढाल व कवच आहेत. तीं पाहून वसईच्या हशमाचा वेश ठरविणें म्हणजे राजवाड्याचें झुंबर पाहून झोंपडींतला दिवा ठरविणें होय. एगर्टन यांचा इ. स. १८८० चा हिंदी शस्त्रांवरील ग्रंथ आजहि उपयोगी आहे, परंतु तो मुख्यतः १९ व्या शतकांत गोळा झालेल्या वस्तूंची यादी आहे हें विसरून चालणार नाहीं. शिवाय त्या शतकांत मिरवणुकीसाठीं नवीं चिलखतें पुष्कळ झालीं. इ. स. १९०३ च्या दिल्ली दरबारांत संस्थानिकांचे अनुचर चिलखतें घालून मिरवले. त्यांतील कितीएक वस्तु पुढें बाजारांत आल्या असतील.

कांहीं वर्षांपूर्वीं एका गृहस्थांनीं प्रस्तुत लेखकास आपल्या घरचें 'वसईच्या लढाईंतलें' चिलखत दाखविलें. पूर्वजाचें नांव, गादीवरील त्याची घडी, दसऱ्याची पूजा, सर्व यथास्थित होतें. भिंगाखालीं धरून पाहिलें. लढाईच्या जुन्या चिलखतांत कडीचीं दोन टोंकें चपटीं करून एकावर एक चढविलेलीं असतात व त्यांत बारीक खिळा ठोकलेला असतो. ओढ बसली तरी कडी उघडत नाहीं. येथें टोंकें नुसतीं एकमेकांस भिडविलेलीं होतीं, आणि लोखंडाच्या कड्यांत पितळेच्या कड्या गुंफून शंकरपाळ्यांची नक्षी काढलेली होती. असें काम उत्तरकालीन शोभेचें. मालकांस वाईट वाटलें, आम्हांसहि वाटलें. पण त्याच पेटींत खालीं एक कापडी, जाड शिवणीचें, घामानें काळें पडलेलें आंगडें होतें, व त्याकडे त्या घरांत कोणी ढुंकूनहि पाहिलें नव्हतें. लढवय्याच्या अंगचें कांहीं असलें तर तें तें असावें, असें आमचें मन अजून म्हणतें. मात्र मनाच्या म्हणण्यास पुरावा म्हणत नाहींत.

वस्त्रांच्या बाबतींत तर नाटकशाळेचा अंमल पूर्ण आहे. चिमाजी अप्पांच्या शिरीं पुणेरी पगडी बसवितात. ती १९ व्या शतकांतली. जांभळ्या व गुलाबी रंगांच्या भडक छटा वापरतात. तसले कृत्रिम रंग इ. स. १८५६ नंतरचे. नीळ, मंजिष्ठ, कुसुंबा, हळद यांतून निघतील तेवढेच रंग घ्यावे व कापड हातमागाचें सुती घ्यावें, म्हणजे अर्धें काम झालें. सकलाद, मखमल, किनखाब हीं मानकऱ्यांपुरतीं. त्या पिढींतील पुरुषांचीं म्हणून जीं चित्रें प्रचारांत आहेत त्यांतील पुष्कळशीं मागाहून काढलेलीं आहेत, तेव्हां चित्राचा काळ ठरल्याखेरीज त्यावरून शिंप्यास माप देऊं नये.

'मध्ययुगीन' या शब्दानेंहि घोंटाळा केला आहे. त्या एका शब्दाखालीं शिलाहारांचा धनुर्धर व पेशव्यांचा बंदुकची एकाच रांगेंत उभे केलेले आम्हीं पाहिले आहेत. वसईच्या परिसरांत खऱ्या अर्थानें त्या आधींच्या काळाचा वेश पाहावयाचा तर दक्षिणेस बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांकडे जावें लागतें. त्यांवर वल्ह्यांच्या नौकांच्या रांगा, हत्ती, ढाल-तलवारीचे व धनुष्यबाणांचे योद्धे कोरलेले आहेत, इ. स. १८८२ च्या ठाणें गॅझेटियरांत त्यांचें वर्णन आलें आहे. तेथेंहि सावधपणा हवा. शिल्पी देहाची रेषा दाखवितो, आणि त्याच्या हातास परंपरेचें वळण असतें. त्यानें योद्धा उघड्या अंगाचा कोरला म्हणून अंगावर कांहींच नव्हतें असें सिद्ध होत नाहीं. धनुष्याची लांबी, ढालीचा आकार, केसांची गांठ, कमरेचा कासोटा, एवढ्या गोष्टी मात्र दगडावरून निर्धास्त घ्याव्या.

शेवटीं कागदांकडे यावयाचें. शिवकालीन राजव्यवहारकोशांत शस्त्रवर्ग आहे, अबुल फजलच्या ऐनींत शस्त्रागाराचें प्रकरण आहे. त्यांवरून नांवें कळतात, परंतु वसईखालच्या माणसाजवळ त्यांपैकीं काय होतें हें कळत नाहीं. तें कळेल जामदारखान्याच्या व शिलेखान्याच्या याद्यांवरून, शिरपावांच्या हिशेबांवरून, पडलेल्या शिपायाच्या मागें राहिलेल्या वस्तूंच्या टिपणांवरून. शिरपावाच्या नोंदींत पागोटें, शेला, सनगें यांचीं नांवें व किंमती येतात. शिंप्यास यापेक्षां चांगला मार्गदर्शक नाहीं. असे कागद बहुधा रुमालांच्या तळाशीं असतात, कारण संग्राहक प्रथम सनदा व पत्रें वेगळीं काढतो आणि हिशेब 'किरकोळ' म्हणून बांधून ठेवतो. ज्यांच्या घरीं साष्टी, वसई, माहीम, तारापूर या प्रांतांतील मोहिमांशीं संबंध असलेले रुमाल आहेत त्यांनीं ते किरकोळ गठ्ठे सोडावे आणि शके १६५९ ते १६६१ या तीन सालांच्या याद्यांच्या नकला, फाटक्या असल्या तरी, शुद्धलेखन न सुधारतां मंडळाकडे धाडाव्या. इ. स. २०३९ मध्यें वसईच्या विजयास तीनशें वर्षें पुरीं होतील, आणि त्या वर्षीं देखावे होणार हें निश्चित आहे. त्यांच्या शिंप्यांनीं व लोहारांनीं कामास लागण्यापूर्वीं पहिली यादी छापून व्हावी अशी आमची इच्छा आहे.