दोन मुरुड आणि विद्यापीठाचा वारसा

महाराष्ट्रात मुरुड नावाची गावे एकाहून अधिक आहेत. त्यांपैकी दोहोंचा विचार येथे करावयाचा आहे. एक रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात, समुद्रकाठी. दुसरे लातूर तालुक्यात, बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पहिल्या मुरुडात धोंडो केशव कर्वे यांचे बालपण गेले. १९५८ साली त्यांच्या वयास शंभर वर्षे पूर्ण झाली आणि त्यांना ‘भारतरत्न’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी, २३ ऑगस्ट रोजी, औरंगाबाद येथे (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली, आणि दुसरे मुरुड मराठीभाषी प्रदेशातील विद्यापीठाच्या कक्षेत प्रथमच आले. योगायोगाला स्वतःचा असा अर्थ नसतो. परंतु तुलनेला तो सोयीचा आरंभ करून देतो.

एकाच विद्यापीठात पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले घराणे, ही कल्पना आपल्या चरित्रलेखनात आणि गौरवग्रंथांत आदराने वावरते. आजोबा, वडील व नातू एकाच विद्यापीठाचे पदवीधर असले की त्या घराण्याच्या विद्याव्यासंगाचा तो पुरावा मानला जातो. अमेरिकेतील काही खाजगी विद्यापीठांत तर माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांना प्रवेशाच्या वेळी झुकते माप देण्याची प्रथाच आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ती २०१४ साली मोडली. आपल्याकडे अशी उघड प्रथा नाही. परंतु मनातले झुकते माप आहे, आणि ते आत्मचरित्रांच्या समीक्षेतही उतरलेले आहे. ते कितपत न्याय्य आहे, हा या लेखाचा प्रश्न होय.

प्रथम कर्वे घराणे घेऊ. धोंडो केशव कर्वे १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले. १८९१ पासून १९१४ पर्यंत त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविले. त्यांचे पुत्र रघुनाथ तेथे शिकले. दुसरे पुत्र दिनकर तेथे पुढे प्राचार्य झाले. स्नुषा इरावती यांनी फर्ग्युसनमध्ये शिकून १९२८ साली मुंबई विद्यापीठाची एम. ए. पदवी घेतली. नात गौरी देशपांडे यांनी डॉक्टरेट मिळविली, ती मात्र पुणे विद्यापीठाची. कारण उघड आहे. १९४९ साली पुण्यास स्वतंत्र विद्यापीठ आले आणि तेथील महाविद्यालये त्याच्याकडे गेली. म्हणजे ज्या घराण्यात विद्यापीठीय परंपरा अखंड दिसते, तेथेही विद्यापीठ एकच राहिले नाही. टिकले ते शहर आणि टिकले ते महाविद्यालय.

याचे मूळ आपल्या विद्यापीठांच्या रचनेत आहे. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले होते. परीक्षा घेणे व पदव्या देणे हे त्याचे काम. अध्यापन महाविद्यालयांत चाले. अशा व्यवस्थेत विद्यार्थ्याचा जिव्हाळा महाविद्यालयाच्या वास्तूशी, वसतिगृहाशी आणि गुरुजनांशी जडतो. विद्यापीठ त्याला भेटते ते परीक्षेच्या दिवशी आणि पदवीच्या कागदावर. तेव्हा घराण्याच्या परंपरेचे श्रेय देताना, घराच्या जवळ एखादी संस्था किती वर्षे स्थिर उभी होती, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

आता दुसऱ्या मुरुडाकडे वळू. येथे एखादे कुटुंब तीन पिढ्या त्याच वाड्यात राहिले आहे, अशी कल्पना करावी. आजोबांना १९४० च्या सुमारास पदवी घ्यावयाची तर हैदराबाद गाठावे लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले होते व त्याचे माध्यम उर्दू होते. वडिलांची पदवी १९५८ नंतरची, म्हणून मराठवाडा विद्यापीठाची. आणि १९६१ साली लातुरास दयानंद महाविद्यालय निघाल्यावर ती जिल्ह्याबाहेर न जाताही मिळू लागली असेल, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो जिल्हाही तेव्हा निराळा होता: लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते व स्वतंत्र लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. नातीची पदवी १९९४ नंतरची. त्या वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि लातूर त्याच्या क्षेत्रात गेले. घर हलले नाही. विद्यापीठे मात्र तीन झाली. ‘एकच विद्यापीठ’ ही कसोटी येथे लावली तर या घराला परंपराच नाही, असा निष्कर्ष निघेल. तो निष्कर्ष चुकीचा आहे, हे सांगण्यास फारसा युक्तिवाद नको. चूक घराची नसून कसोटीची आहे.

कसोटीची दुसरी उणीव भाषेची आहे. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्याचे तत्त्व होते. दोनच वर्षांनी उस्मानियाने देशी भाषेला विद्यापीठात मानाचे स्थान दिले, ही गोष्टही लहान नव्हती. परंतु ती भाषा राज्यकारभाराची होती; मराठी, तेलुगू व कानडी घरांतील मुलांची ती घरची भाषा नव्हती. पोलीस कारवाईनंतर उर्दू माध्यम गेले. परिणामी मराठवाड्यातील अनेक घरांत आजोबा ज्या लिपीत टिपणे काढीत ती नातवास वाचता येत नाही. पुण्याच्या घराण्यात विद्यापीठ बदलले तरी आजोबांची पुस्तके नातीच्या उपयोगी पडली. मुरुडच्या घरात ती माळ्यावर गेली. परंपरा खंडित होते ती येथे, पदवीच्या कागदावरील नावात नव्हे.

अर्थात नावालाही मोल असते. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. त्यानंतर या प्रदेशातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली, घरे जाळली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. एखाद्या दलित कुटुंबात पित्याची पदवी जुन्या नावाची व पुत्राची नव्या नावाची असेल, तर त्या दोन कागदांमध्ये सोळा वर्षांचा लढा आहे. कायद्याच्या दृष्टीने विद्यापीठ एकच. अनुभवाच्या दृष्टीने ते एक नव्हे.

या पार्श्वभूमीवर दोन आत्मचरित्रे शेजारी ठेवून वाचावीत: कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५) आणि प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९). कर्व्यांच्या आयुष्यातील साताऱ्याची पायपीट सर्वश्रुत आहे. परीक्षेसाठी मुरुडाहून ते चालत गेले आणि वय लहान दिसते म्हणून परत पाठविले गेले. तरीही त्यांच्या कथनात शिक्षण हा पुढील संस्थाकार्याची पूर्वपीठिका म्हणून येतो. शाळा, महाविद्यालय, विद्यापीठ ही आधीपासून उभी आहेत. प्रश्न तेथवर पोहोचण्याचा आहे. उदगीर परिसरातून आलेल्या सोनकांबळ्यांच्या पुस्तकात शिकणे हाच मुख्य विषय आहे. आठवणी तुकड्यातुकड्यांनी येतात, कारण आयुष्यच सलग लाभलेले नाही. दोन्ही पुस्तकांतील निवेदनाचा फरक हा केवळ स्वभावाचा वा शैलीचा फरक नव्हे. पायाखाली संस्था असण्या-नसण्याचा तो फरक आहे.

येथे आपल्या समीक्षेचा एक पक्षपात ध्यानात येतो. सोनकांबळ्यांसारख्या लेखकांना आपण ‘पहिल्या पिढीचे’ म्हणतो. कर्व्यांना तसे म्हणत नाही. वास्तविक कर्व्यांचा जन्म १८५८ चा, विद्यापीठाचा १८५७ चा. त्यांच्या वडिलांच्या शिकण्याच्या वयात विद्यापीठच नव्हते. त्या अर्थी ‘आत्मवृत्त’ हेही पहिल्या पिढीचेच आत्मचरित्र होय. या उत्तरावर आक्षेप येईल की कर्व्यांच्या घरी गरिबी असली तरी अक्षर परके नव्हते, आणि जातीने शाळेचा दरवाजा अडविला नव्हता. आक्षेप खरा आहे. परंतु त्यातून एवढेच सिद्ध होते की वारसा पदवीच्या आधी सुरू होतो, आणि म्हणूनच पदव्यांची संख्या मोजून तो मापता येत नाही. घराणे मोठे म्हणून विद्यापीठ लाभले, असे चरित्रकार सुचवितात. पुष्कळदा क्रम उलटा असतो.

आणखी एक गोष्ट. ही वंशावळ सहसा पित्याकडून पुत्राकडे मोजली जाते. कर्वे घराण्यात तिची सर्वांत तेजस्वी कडी, इरावतीबाई, सून म्हणून आली. मराठवाड्यातील घरांत आजी या गणनेत बहुधा नसतेच. नात आहे; आणि ती आहे याचे मोठे कारण महाविद्यालय तिच्या घराजवळ आले, हे आहे. तिच्या दृष्टीने घराण्याचा विद्यापीठीय इतिहास तिच्यापासून सुरू होतो, की आजोबांपासून? समीक्षकाने या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरू नये.

सारांश, ज्या प्रदेशाने एका शतकात राज्य, माध्यम, जिल्हा आणि विद्यापीठ हे सर्व बदललेले पाहिले, तेथे परंपरा स्थैर्याने मोजता येत नाही. संस्था मागे पडत असता शिकण्याची सवय पुढल्या पिढीकडे कशी गेली, हे तेथे पाहावे लागते. त्यासाठी साधने घरोघरी आहेत: वसतिगृहातून लिहिलेली पत्रे, उर्दू टिपणवह्या, जुनी प्रमाणपत्रे. उस्मानियात शिकलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. तिच्या वह्या वाचू शकणारेही थोडेच उरले आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उर्दू लिपी शिकून आपल्या गावापासून या कामास आरंभ करावा. पहिल्या मुरुडाचा इतिहास छापला गेला आहे. दुसऱ्याचा अद्याप पेट्यांत आहे, आणि त्या पेट्यांना वाळवी लागण्यास वेळ लागत नाही.