अंगठीचे ज्ञान आणि अंगठीचा भार

अद्भुतकथा म्हणजे रिकामटेकड्यांचे रंजन, असे म्हणून आपले बरेच समीक्षक तिला उंबऱ्याबाहेर ठेवतात. तिच्यात वास्तव नाही, म्हणून बांधिलकीही नाही, असा त्यांचा युक्तिवाद. परंतु ज्ञान कोणाच्या हाती असते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न ज्या कथेत उभा राहतो ती कथा आपल्याला परकी कशी? जे. आर. आर. टोल्किन यांची १९५४-५५ साली तीन खंडांत प्रसिद्ध झालेली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही इंग्रजी कादंबरी या दृष्टीने वाचली पाहिजे.

सौरॉन या जुलमी सत्ताधीशाने इतर मंतरलेल्या अंगठ्यांवर हुकमत चालवण्यासाठी एक अंगठी घडवली आणि आपले बरेचसे सामर्थ्य तिच्यात ओतले. युद्धात ती त्याच्या हातून गेली, नदीत हरवली, गोलम नावाच्या जिवाजवळ काही शतके राहिली आणि अखेर बिल्बो या हॉबिटाला मिळाली. हॉबिट म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचे, शेतीभाती करणारे, थोरामोठ्यांच्या खिजगणतीत नसलेले लोक. बिल्बोने घर सोडले तेव्हा अंगठी त्याच्या वारसाकडे, फ्रोडोकडे, आली.

या अंगठीविषयी ज्यांना कळायला हवे होते ते दोन जादूगार म्हणजे सारुमान आणि गँडाल्फ. दोघांचे देह म्हाताऱ्याचे, जीव मात्र अमर. सारुमानने अंगठ्यांच्या विद्येचा जन्मभर अभ्यास केला. पण ती अंगठी समुद्राला मिळाली, आता सापडायची नाही, असे सभेत सांगून तो स्वतः तिच्या शोधात राहिला. विद्वत्तेचा उपयोग इतरांचे शोध थांबवण्यासाठी कसा होतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. दूरचे दाखवणारा स्फटिकही त्याने हाताळला आणि पलीकडून पाहणाऱ्या सौरॉनच्या कह्यात गेला. वस्तूचे गुणधर्म त्याला पाठ होते. दुसऱ्या टोकाला कोण बसला आहे, याचा त्याने विचार केला नाही.

गँडाल्फ सज्जन आहे, म्हणून त्याची चूक अधिक तपासली पाहिजे. बिल्बो गेला त्या दिवशीच त्याला संशय आला होता. 'वापरू नकोस, गुप्त ठेव' एवढे फ्रोडोला सांगून तो निघून गेला. मिनास तिरिथच्या दप्तरखान्यात, कित्येक पिढ्यांत क्वचितच कोणी उघडलेले, राजा इसिल्डूरच्या हातचे एक भेंडोळे त्याला सापडले. अंगठीवरची अक्षरे आगीतच दिसतात, ही खूण त्यातून पटली. मग त्याने येऊन अंगठी फ्रोडोच्या चुलीत टाकली आणि सत्य सांगितले. मधे १७ वर्षे गेली. तेहतीस वर्षांचा फ्रोडो पन्नाशीला आला.

पुरावा नव्हता म्हणून तो बोलला नाही, असे त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण संशय सांगायलाही पुरावा लागतो काय? ज्याच्या घरात विस्तव ठेवला आहे, त्याला निदान विस्तवाची शंका तरी सांगावी! अमराला १७ वर्षे पापणी लवण्याइतकी वाटत असतील. मर्त्याच्या आयुष्याचा तो मोठा तुकडा असतो.

एक गोष्ट मात्र गँडाल्फला कळलेली आहे, आणि ती सारुमानला कळली नाही. फ्रोडो अंगठी देऊ करतो तेव्हा तो ती नाकारतो. दयेच्या, भले करण्याच्या इच्छेच्या वाटेनेच ती आपला ताबा घेईल, हे तो जाणतो. हे आत्मज्ञान कोणत्याही दप्तरखान्यात मिळत नाही. फ्रोडोचा माळी सॅम याने तर एकही भेंडोळे वाचलेले नाही. काही काळ अंगठी त्याच्याजवळ येते, साऱ्या उजाड प्रदेशाचे उद्यान करण्याचे स्वप्न ती त्याला दाखवते. आपल्या हातांनी राखता येईल एवढी बाग आपल्याला पुरे, असे तो स्वतःला बजावतो. गरजेचे माप ठाऊक असलेला हा श्रमिक पंडितांपेक्षा शहाणा ठरतो.

येथे टोल्किनशी आपले भांडण सुरू होते. जाणत्यांनी अंगठी नाकारली हे थोर खरे, पण त्यामुळे भार पडला तो सर्वांत कमी जाणणाऱ्यावर. शेवटच्या क्षणी फ्रोडोचेही बळ संपते. गोलम त्याचे बोट तोडून अंगठीसकट आगीत कोसळतो, तेव्हाच ती नष्ट होते. फ्रोडोच्या जखमा भरत नाहीत, त्याला गाव सोडावे लागते. सॅम पुढे ७ वेळा महापौर होतो. तरीही फ्रोडो धनी आणि तो चाकर हे नाते लेखक कौतुकाने रंगवतो, त्याला प्रश्न विचारत नाही.

अमर जादूगाराला मंतरलेल्या वस्तूविषयी काय ठाऊक असावे? ती कोणी, कोणावर सत्ता गाजवण्यासाठी घडवली. ती आपल्या कोणत्या इच्छेतून आपल्यात शिरेल. आणि ती आज कोणाच्या खिशात आहे. या शेवटच्या माणसाला जे कळले आहे ते, आणि जी शंका आहे तीही, त्याच दिवशी सांगितली पाहिजे. ज्याच्या खांद्यावर ओझे आहे, त्या ओझ्याच्या ज्ञानावर पहिला हक्क त्याचाच.