‘लागण’ : तिचा कर्ता कोण?

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरच्या एका गुहेतून मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वटवाघळांचे नमुने घेतले. काहींत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. २०२१ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध होताच त्याचे वाचन बहुधा एकाच दिशेने झाले : वटवाघळांपासून माणसाला काय धोका? प्रश्न रास्तच होता. सिलिगुडी (२००१) व कोझिकोडे (२०१८) विसरण्याजोगी नाहीत. परंतु २०२० मध्येच आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या वटवाघूळ-तज्ज्ञांनी संशोधकांना ही हाताळणी आवरती घेण्यास सांगितले, ते नेमक्या उलट भीतीपोटी. करोनाचा विषाणू माणसाकडून गुहांत शिरू नये, ही ती भीती.

ती मराठी चर्चेत फारशी उमटली नाही, याचे एक कारण परिभाषेत आहे. ‘प्राणिजन्य रोग’ ही संज्ञा रुळली. विरुद्ध प्रवासाला ‘उलटे प्राणिजन्य संक्रमण’ म्हणावे, तर प्राण्याकडून माणसाकडे हाच जणू सरळ रस्ता ठरतो. ‘मानवजन्य’ हा शब्द प्रदूषणाने आधीच व्यापला आहे. राहिला ‘लागण’, तो सोयीचा, म्हणूनच अधिक फसवा. ‘बिबट्याला लागण झाली’ या वाक्यात लागण स्वतःच कर्ता होऊन बसते. ती आणणारा वाक्याबाहेर राहतो. (कृष्णाकाठी उसाचीही लागणच करतात, पण तेथे लावणारा कोण हे कोणी झाकीत नाही.) हे उदाहरण काल्पनिक नव्हे. उत्तर प्रदेशातील एका मृत रानबिबट्यात करोनाचा डेल्टा प्रकार आढळल्याचे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये मांडले, आणि तो बहुधा माणसाकडून आला असावा असे सुचविले.

याहून अवघड उदाहरण आयव्हरी कोस्टमधील ताई अरण्याचे आहे. तेथील चिंपांझींच्या काही साथींमागे मानवी श्वसनविषाणू होते, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. या टोळ्या निरीक्षकांना सरावलेल्या होत्या. निरीक्षकांच्या वावराने चोरट्या शिकारीला आळा बसला. विषाणूही माणसाच्या त्याच सान्निध्यातून आला. अभ्यासकाला ‘कर्ता’ म्हणावे, तर रक्षकही तोच ठरतो. पुढे तेथे मुखपट्ट्या आल्या, अंतराचे नियम कडक झाले. अभ्यास थांबला नाही.

सातारा-सांगलीच्या सीमेवर कोयना व चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथे वन्यप्राणी हाताळणाऱ्यांना हाच प्रश्न विचारावयास हवा. महाबळेश्वरी वानरांना अर्धे खाल्लेले कणीस देणाऱ्या प्रवाशालाही तो लागू आहे. त्याच्यापुरती नवी संज्ञा घडविण्याची गरज नाही. ‘उष्टे’ हा शब्द मराठीत आहे, आणि त्याला कर्ता आहे.