चायना ग्रासची लेन्स

कर्वेनगरातील एका विज्ञान प्रदर्शनात 'साखरेपासून मऊ लेन्स' ही प्रतिकृती आम्ही पाहिली. चायना ग्रास उकळून बशीत थिजवलेली चकती, शेजारी तक्ता: 'साखर नैसर्गिक, म्हणून डोळ्याला निर्धोक.' तक्ता वाचून एका मुलाने चकती डोळ्याला लावायला उचललीसुद्धा!

चायना ग्रास म्हणजे शर्करेच्या लांब साखळ्या. त्यांवरील हायड्रॉक्सिल गट पाणी धरून ठेवतात. इथवर मुलांचे बरोबर. पण ओटो विख्तर्ले यांनी १९६१च्या नाताळात, प्रागमधील घरी, खेळण्याच्या सुट्या भागांतून यंत्र जुळवून ज्या मऊ लेन्स ओतल्या, त्यांच्या बहुवारिकात साखर नव्हती. हायड्रॉक्सिल गट मात्र होते. गुण रेणूच्या रचनेचा आहे, 'नैसर्गिक'पणाचा नव्हे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात बनवलेली 'जलशक्ती'ही स्टार्चवर, म्हणजे शर्करासाखळ्यांवरच आधारित. ती शेतातल्या मातीत ओल टिकवण्यासाठी होती.

उकळत्या पाण्यात चकती विरघळते, कारण तिच्या साखळ्या रासायनिक बंधांनी एकमेकींना जोडलेल्या नसतात. लेन्सला ते बंध हवेतच. शिवाय पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. त्याला हवेतला ऑक्सिजन लेन्समधूनच मिळायला हवा. तक्त्यावर ऑक्सिजनचा शब्दही नव्हता.

तक्ता काढावा, चकती ठेवावी. ती छापील मजकुरावर ठेवून अक्षरे कितपत दिसतात ते पाहू द्यावे. मग सावलीत वाळवून पुन्हा भिजवावी आणि व्यास मोजावा.