ओवीच्या गाभाऱ्यात

इंदूरच्या कृष्णपुऱ्यात कान्ह नदीच्या काठी होळकरांच्या छत्र्या उभ्या आहेत. शिखर, मंडप, कोरीव खांब असा सारा थाट देवळाचा. नवखा मनुष्य वहाणा काढूनच पायरी चढेल. वास्तू मात्र उभारली आहे ती राजघराण्यातील दिवंगतांच्या स्मरणार्थ. मराठीतील ख्रिस्ती भक्तिवाङ्मय हाती घेताना आपल्या मनाची अशीच स्थिती होते. ओवी आपली, अभंग आपला; आत कोण बसला आहे, आणि त्याला तेथे कोणी कसे आणून बसविले, हा प्रश्न उरतोच.

या वाङ्मयाचा आद्य ग्रंथ म्हणजे फादर टॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’. हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यास आला. त्याचे पुराण 1616 मध्ये साष्टीतील रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. धर्मशिक्षणाची पुस्तिका त्याने कोकणीत लिहिली. बायबलातील कथा गाण्याची वेळ आली तेव्हा मात्र मराठी ओवीला हात घातला. दोन भगिनीभाषांपैकी एकीला शिकवणुकीचे व दुसरीला गायनाचे काम देण्यात त्याची जाण दिसते. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा विस्तार परक्याच्या हातून झाला, हे नवलच होय.

परंतु आपल्या वाचकांना हे कौतुक निर्वेधपणे करता येत नाही, आणि तसे ते करूही नये. साष्टीतील देवळे 1567 मध्ये पाडली गेली. त्या शतकातील धामधुमीत कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. या पुराणाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विनवितो, की जुनी पुराणे वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी वाचावयास आम्हांस काही द्यावे. ग्रंथाचे सर्वांत बोलके स्थळ मला हेच वाटते. कवीच्या इच्छेविरुद्धही तेथे एका रिकाम्या झालेल्या देव्हाऱ्याची साक्ष नोंदली गेली आहे. ओवी गोड आहे. पण ती मागणाऱ्याला दुसरे काही मागण्याची मोकळीक नव्हती.

याच्या शेजारी नारायण वामन टिळकांची ‘अभंगांजली’ ठेवावी. टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो स्वतःच्या शोधाने, आणि आप्तांचा विरोध पत्करून. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांची सारीच रचना सरस आहे असे नाही. जेथे प्रचारक पुढे होतो तेथे अभंगाचे टाळ थांबतात व केवळ उपदेश ऐकू येतो. परंतु जेथे ते स्वतःच याचक होतात, तेथे वाचकाचा पंथ कोणता हे विचारण्याचे कारण उरत नाही.

बायबलातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत घ्या. सर्वस्व उडवून परतणारा मुलगा दूर असतानाच बाप त्याला पाहतो आणि धावत सुटतो. क्षमेचे शब्द मुलाने मनात जुळवून ठेवलेले असतात. ते पुरे होण्याआधीच मिठी पडते. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या कानाला ही धाव परकी वाटणार नाही. यावर चिंतन लिहिणारा जर बापाच्या आसनावर बसून वाचकास पापी म्हणू लागला, तर दृष्टांत तेथेच संपतो. त्याने मुलाच्या धुळीने माखलेल्या पायांनी चालले पाहिजे.

म्हणूनच जिवंत श्रद्धेचे मराठीतील उत्तम ख्रिस्ती पुस्तक माझ्या मते लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ होय. पतीच्या धर्मांतराने कोसळलेली ही स्त्री काही वर्षांनी त्याच मार्गाने गेली, पण स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या वेळी. ती कोणाला उपदेश करीत नाही. आपले सोवळे, आपला संताप, आपली फजिती ती हसतहसत सांगते. आणि त्या सांगण्यातच तिची श्रद्धा कळते.

देऊळ हरवल्याचे दुःख ज्यांच्या कुळात सांगितले जाते, त्यांनी ही पुस्तके वाचावीत. विसरण्यासाठी नव्हे, तर हिरावून घेऊन दिलेले आणि स्वतः शोधून मिळविलेले यांतील भेद ओळखण्यासाठी.