रिकामी खुर्ची : फादर डिमेलो यांच्या लेखनाचा पुनर्विचार

ख्रिस्ती श्रद्धा आणि पौर्वात्य साधना यांच्या मेळाचा प्रश्न निघाला, की आपल्याकडे लगेच दोन पक्ष उभे राहतात. एकाला पद्मासनातही पाखंड दिसते. दुसऱ्याला प्रत्येक आक्षेपात युरोपीय संकुचितपणाचा वास येतो. मुंबईत जन्मलेले आणि पुणे व लोणावळा येथील 'साधना' संस्थेद्वारे अनेकांना प्रार्थनेची वाट दाखविणारे येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो (१९३१-१९८७) यांच्याबाबत हा वाद विशेष तीव्र झाला. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, २४ जून १९९८ रोजी, व्हॅटिकनच्या श्रद्धातत्त्वविषयक मंडळाने कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर यांच्या स्वाक्षरीने सूचनापत्र काढून त्यांची काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत ठरविली. या निर्णयाचा अर्थ कळावा म्हणून त्यांची दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचणे इष्ट होईल.

'साधना' (१९७८) या पुस्तकात श्वासाकडे लक्ष, शरीरसंवेदनांचे भान, मौन ही बौद्ध ध्यानाची परिचित अंगे आहेत. पण पुस्तक तेथे थांबत नाही. कल्पनाचित्रांच्या साधनेत संत इग्नेशियसची परंपरा बोलते आणि अखेरीस भक्तीचा विभाग येतो. समोर रिकामी खुर्ची ठेवावी, तीत प्रभू येशू बसला आहे असे मानावे आणि त्याच्याशी बोलावे, अशी एक साधी साधना त्यांनी सांगितली आहे. येथे श्वास हे केवळ दार आहे. घरात भेटणारा प्रभू आहे. सूचनापत्रानेही हे आरंभीचे लेखन पौर्वात्य प्रभाव असूनही ख्रिस्ती अध्यात्माच्या मर्यादेत असल्याचे मान्य केले आहे. त्यांचे टीकाकार हे सहसा सांगत नाहीत.

'अवेअरनेस' (१९९०) मध्ये मात्र ती खुर्ची खरोखरच रिकामी राहते. येथे माणसाचे दुःख म्हणजे झोप आणि तारण म्हणजे जाग. येशू आहे, पण जागे झालेल्या गुरूंच्या पंक्तीतील एक म्हणून. पापाच्या जागी अज्ञान येते, क्षमेच्या जागी आकलन. आकलन एकट्याला होऊ शकते; क्षमा मात्र कोणीतरी कोणाला करावी लागते. क्षमा करणाराच उरला नाही, तर क्रूसाचे प्रयोजन काय उरते? खरा आक्षेप हा आहे.

तो पूर्वेविरुद्ध नाही. इसवी सन १८० च्या सुमारास संत इरेनियस यांनी ज्ञानानेच मुक्ती मानणाऱ्या नॉस्टिक पंथांना हाच आक्षेप घेतला होता. ॲनी बेझंट यांच्या 'एसोटेरिक ख्रिश्चॅनिटी' (१९०१) या थिऑसफीप्रणीत ग्रंथालाही तो लागू पडतो. डिमेलो यांनी गुप्तज्ञानाचे दुकान मांडले नाही. त्यांच्या कथा सर्वांसाठी खुल्या होत्या. परंतु ज्ञानानेच तारण, हा धागा समान आहे.

याउलट फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' (१६१६) पाहावे. पुराणाचा घाट, सुमारे अकरा हजार ओव्या, स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्दसुद्धा त्यांनी निःसंकोचपणे स्वीकारला. पण त्या वैकुंठाची वाट क्रूसावरून जाते. स्टीफन्स यांनी शब्द येथला घेतला आणि त्यात ख्रिस्ती आशय भरला. 'अवेअरनेस'मध्ये शब्द ख्रिस्ती राहतात, आशय मात्र निसटतो. भारतीयीकरण आणि सरमिसळ यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

डिमेलो यांच्या बाजूनेही दोन गोष्टी नोंदविणे न्यायाचे आहे. 'अवेअरनेस' हे व्याख्यानांवरून इतरांनी संपादित केलेले मरणोत्तर पुस्तक आहे, आणि लेखकाला स्वतःची बाजू मांडण्याची संधी मिळाली नाही. शिवाय लोक त्यांच्याकडे गेले, ते पाठांतराच्या प्रार्थनेने त्यांची तहान भागली नाही म्हणून. केवळ बंदीची भाषा करून ती तहान भागणार नाही. १५ ऑक्टोबर १९८९ च्या ख्रिस्ती ध्यानाविषयीच्या पत्रात याच मंडळाने, प्रार्थनेचे ख्रिस्ती स्वरूप झाकोळले जात नसेल तर अन्य धर्मांच्या पद्धतींतील उपयुक्त भाग घेता येईल, असे म्हटले होते. आपल्या प्रार्थनागटांनी म्हणूनच 'साधना' जरूर हाती घ्यावे. आणि 'अवेअरनेस' वाचताना त्या खुर्चीत कोण बसले आहे, एवढे पानोपानी विचारीत राहावे.